मोटरमन भावासाठी ईएमडीआर उपचार : उपयोग होतो का, कोणाकडे जावे, काय विचारावे?

खारफुटी (ऐरोली) यांचा प्रश्न :

नमस्कार. माझा थोरला भाऊ मध्य रेल्वेच्या उपनगरी गाडीवर मोटरमन आहे आणि कळव्याला राहतो. गेल्या पावसाळ्यात कळवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान रूळ ओलांडणारा एक तरुण त्याच्या गाडीखाली आला. दादाने हॉर्न दिला होता, इमर्जन्सी ब्रेकही लावला होता. पण वेगात आलेली भरलेली लोकल जागच्या जागी थांबत नाही, हे रेल्वेशी ज्याचा थोडाफार संबंध आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. रीतसर चौकशी झाली, दादावर कोणताही ठपका आला नाही आणि थोड्या विश्रांतीनंतर तो पुन्हा कामावर रुजू झाला. कागदोपत्री प्रकरण तेथेच मिटले.

घरी मात्र ते मिटलेले नाही. वहिनी सांगते की झोपेत त्याची मूठ गादीच्या काठावर आवळली जाते, डेडमन हँडल (गाडी चालवताना सतत दाबून धरायची मूठ, सोडली की ब्रेक लागतो) दाबून धरावे तशी, आणि मग तो दचकून उठतो. ठाणे स्थानकात शिरताना एखादा मुलगा मोबाइलमध्ये डोके घालून फलाटाच्या कडेला उभा दिसला, तर त्याला दरदरून घाम फुटतो. हे त्याने आम्हाला नव्हे, एका सहकाऱ्याला सांगितले. सुट्टीच्या दिवशी तो रेल्वेने प्रवासच करत नाही. डोंबिवलीला घरचे कार्य होते तेव्हाही सगळे गाडीने गेले आणि हा एकटा बसने आला. वहिनीजवळ तो एकदाच बोलला, ‘सगळे म्हणतात तुझी चूक नाही, पण माणूस तर माझ्याच गाडीखाली गेला ना.’ त्यानंतर विषय बंद. फॅमिली डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली आहे. सकाळच्या ड्युटीच्या भीतीने तो ती बहुधा घेतच नाही.

नवी मुंबईतील एका समुपदेशकांनी ईएमडीआर नावाचा उपचार सुचवला आहे. डोळ्यांपुढे बोट इकडून तिकडे फिरवतात आणि रुग्णाने नजरेने त्याचा पाठलाग करायचा, एवढे मला समजले. त्यांच्या जाहिरातीत ‘तीन सत्रांत आघातातून मुक्ती’ असे लिहिले आहे, आणि तेच वाचून माझ्या मनात पाल चुकचुकली. या उपचाराला शास्त्रीय आधार आहे की हे नव्या काळातले झाडफूक आहे? दादाला सगळा प्रसंग पुन्हा सविस्तर सांगावा लागेल का? तसे असेल तर तो पहिल्याच दिवशी उठून येईल. आणि उपचार करणारी व्यक्ती खरोखर शिकलेली आहे, हे आमच्यासारख्यांनी कसे ओळखायचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शंकेखोर (ठाणे पूर्व) :

आपली शंका रास्त आहे, म्हणून आधी इतिहास सांगतो. या उपचाराचे पूर्ण नाव ‘आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग’ असे लांबलचक आहे. फ्रान्सिन शपिरो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाई १९८७ साली एका उद्यानात फिरत असताना त्यांच्या लक्षात आले की त्रासदायक विचार मनात येताच आपले डोळे आपोआप इकडून तिकडे हलत आहेत आणि त्यानंतर त्या विचाराची धार कमी होत आहे. त्यांनी हे इतरांवर करून पाहिले आणि १९८९ मध्ये २२ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका सत्रात मोठा फरक पडल्याचा त्यातला दावा होता, आणि ‘एकदोन बैठकांत बरे करतो’ ही जाहिरातबाजी तेव्हापासून या उपचाराला चिकटली ती आजतागायत सुटलेली नाही.

पुढच्या संशोधनात दोन प्रश्न वेगवेगळे झाले, आणि लोक नेमकी तेथेच गल्लत करतात. पहिला प्रश्न असा की हा संपूर्ण उपचार आघातोत्तर ताणाच्या विकारावर, म्हणजे ज्याला सर्वजण पीटीएसडी म्हणतात त्यावर, लागू पडतो का. याचे उत्तर होय असे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आघातकेंद्री सीबीटीबरोबर (सीबीटी म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारा संवादातून होणारा उपचार) ईएमडीआरचीही शिफारस केली, आणि उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०१८ मध्ये प्रौढांसाठी ती केली. युद्धातून आलेल्या आघाताचा तेवढा त्यांनी अपवाद ठेवला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१७ मध्ये हात जरा आखडता घेतला. सीबीटी आणि तिच्या कुळातील उपचारांना त्यांनी ठाम शिफारस दिली आणि ईएमडीआरला सशर्त.

दुसरा प्रश्न असा की या उपचारात डोळे हलवण्याचा स्वतंत्र वाटा किती. येथे मामला डळमळीत आहे. २००१ मध्ये डेव्हिडसन आणि पार्कर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा डोळे हलवून आणि न हलवता केलेल्या उपचारांत फरक आढळला नाही. २०१३ मध्ये ली आणि काउपर्स यांनी अशीच तपासणी केली, तेव्हा मध्यम स्वरूपाचा जादा फायदा दिसला. वाद अजून चालू आहे. माझे मत विचाराल तर, उपचार खरा आहे, पण तो बोटामुळे लागू पडतो हे अजून पक्के व्हायचे आहे. त्यामुळे ‘मेंदूचे दोन्ही अर्धगोल जोडून देतो’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर नमस्कार करून बाहेर पडावे.

सप्तपर्णी (नौपाडा, ठाणे) :

मी ठाण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आणि आघातग्रस्तांसाठी सीबीटी व ईएमडीआर या दोन्ही पद्धती वापरते. शंकेखोर यांच्या मांडणीशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र त्यांचे लिखाण वाचून कोणाची अशी समजूत होऊ नये की डोळ्यांची हालचाल वजा केली तर मागे काहीच उरत नाही. खरे तर मागे जे उरते तेच या उपचाराचे अंग आहे, आणि जाहिरातीत ते कधीच दिसत नाही.

या उपचाराचे आठ टप्पे मानले जातात आणि बोट फिरवण्याची पाळी चौथ्या टप्प्यात येते. त्याआधी पूर्वेतिहास घेतला जातो: हा पहिलाच प्रसंग आहे की यापूर्वीही गाडीखाली कोणी आले होते, लहानपणी काही घडले होते का, झोप, दारू, रक्तदाब, आत्महत्येचे विचार, हे सर्व. त्यानंतर तयारी. म्हणजे मन फार उसळले तर ते पुन्हा स्थिर कसे करायचे, याचा सराव. कोणी एखादी शांत जागा मनाशी पक्की करतो. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी येऊरच्या वाटेवरचा एक कट्टा निवडला होता. ही तयारी होण्याआधी जो कोणी थेट प्रसंगाला हात घालतो, त्याच्यापासून दूर राहावे. तिसऱ्या टप्प्यात त्या प्रसंगातील सर्वांत बोचणारे एकच चित्र निवडले जाते, त्या चित्राबरोबर स्वतःविषयी मनात येणारे वाक्य शोधले जाते आणि त्याऐवजी काय वाटावेसे वाटते तेही ठरवले जाते. आपल्या बंधूंचे जे वाक्य आपण लिहिले आहे, ‘माणूस माझ्याच गाडीखाली गेला’, त्याच्या तळाशी बहुधा ‘मी मारेकरी आहे’ किंवा ‘माझ्या हातात काहीच नव्हते’ असे एखादे वाक्य असेल. ही दोन वाक्ये सारखी नाहीत. पहिल्यात अपराधभाव आहे, दुसऱ्यात असहायता. आणि उपचाराची दिशा त्यावर ठरते. त्रास किती आहे हे शून्य ते दहा अशा मापाने विचारले जाते, आणि हवे असलेले वाक्य कितपत खरे वाटते हे एक ते सात अशा मापाने.

मग चौथा टप्पा. रुग्ण ते चित्र, ते वाक्य आणि शरीरातील जाणीव मनात धरतो आणि उपचारकाच्या बोटांचा नजरेने पाठलाग करतो. साधारण अर्ध्या मिनिटाची एक फेरी होते, मग थांबून दीर्घ श्वास, आणि एकच प्रश्न, ‘आता काय जाणवते?’ जे येईल ते दोन शब्दांत सांगायचे, पुन्हा फेरी. त्रासाचा आकडा शून्याच्या आसपास आला की पाचव्या टप्प्यात हवे असलेले वाक्य दृढ केले जाते, सहाव्यात शरीरात कोठे ताण उरला आहे का ते पाहिले जाते, सातव्यात सत्र सुखरूप बंद केले जाते आणि आठवा टप्पा म्हणजे पुढच्या भेटीच्या आरंभी घेतलेला आढावा. एक सत्र तासाभरापासून दीड तासापर्यंत चालते.

आपला मुख्य प्रश्न, सगळे सांगावे लागेल का. नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत सीबीटी आणि ईएमडीआर यांतील फरक स्पष्ट केला आहे: ईएमडीआरमध्ये प्रसंगाचे तपशीलवार कथन नसते, रुग्णाच्या समजुतींना थेट आव्हान दिले जात नाही, आठवणीसमोर दीर्घकाळ बसवून ठेवले जात नाही आणि घरचा अभ्यासही नसतो. न बोलणाऱ्या पुरुषांना, विशेषतः गणवेशातल्या, हा उपचार पेलतो याचे मोठे कारण हेच असावे असा माझा अनुभव आहे.

डोळे हलवण्याने काय होते, याविषयी मला सर्वांत पटणारा विचार कार्यस्मृतीचा, म्हणजे आत्ता मनात धरलेल्या गोष्टींसाठी असलेल्या मोजक्या जागेचा आहे. अँड्रेड, कॅव्हानाह आणि बॅडली यांनी १९९७ मध्ये दाखवले की मनातील चित्र धरून ठेवत असताना डोळे हलवले, तर ते चित्र फिके आणि कमी भावनिक होते. एका पाटावर दोघांना बसवले की दोघांनाही ऐसपैस बसता येत नाही, तसेच हे. पुढे नेदरलँड्समधील संशोधकांना असे आढळले की उलटे अंक मोजण्यासारखे, मनाला गुंतवणारे दुसरे कामही असाच परिणाम करते. म्हणजे डोळ्यांत काही अद्भुत शक्ती नाही, पण हालचाल अगदीच दिखाऊही नाही. स्वप्ने पडतात त्या झोपेशी याचा संबंध जोडणारीही एक उपपत्ती आहे. ती आकर्षक आहे, मात्र तिच्यासाठी पुरावा तुलनेने तोकडा आहे.

आपल्या बंधूंच्या व्यवसायाशी थेट संबंध असलेला एक अभ्यासही आहे. स्टॉकहोमच्या सार्वजनिक वाहतुकीतील कर्मचाऱ्यांवर हॉगबर्ग आणि सहकाऱ्यांनी तो केला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केला. गाडीखाली माणूस आल्याचा किंवा कामावर हल्ला झाल्याचा अनुभव घेतलेले, जुना पीटीएसडी असलेले कर्मचारी त्यात होते. काहींना ईएमडीआरची पाच सत्रे मिळाली आणि काहींना प्रतीक्षायादीत ठेवले. उपचार मिळालेल्यांपैकी बहुतेकांचे निदान पुसले गेले, प्रतीक्षेतील बहुतेकांचे तसेच राहिले. अभ्यास लहान होता आणि तुलना दुसऱ्या उपचाराशी नव्हती, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. तीन सत्रांच्या हमीविषयी एवढेच सांगते की नाइसच्या सूचनांत एका आघातासाठी साधारण ८ ते १२ सत्रे गृहीत धरली आहेत. लवकर बरे वाटणारे असतातच, पण आधी हमी देता येत नाही.

निवळशंख (सीवूड्स) :

मी उपचार घेणाऱ्या बाजूने लिहितो. घोडबंदर रस्त्यावर एका अवजड वाहनाने माझ्या दुचाकीला फरफटत नेले होते. शरीर सावरले, पण पुढे बराच काळ निळी ताडपत्री दिसली की माझा श्वास अडकत असे, आणि पावसाळ्यात आपल्याकडे निळी ताडपत्री कोठे नसते!

माझे डोके दुखण्याचे जुने दुखणे असल्याने बोटांचा पाठलाग मला झेपेना. म्हणून माझ्यावर ईएमडीआर करणाऱ्या मॅडमनी दोन्ही तळहातांत सुपारीएवढी थरथरणारी बटणे दिली, जी आळीपाळीने डावी-उजवी थरथरत. हेही या उपचारात मान्य आहे. काही ठिकाणी कानांत आळीपाळीने आवाज देतात, काही ठिकाणी गुडघ्यांवर हलके टिचकावतात. सुरुवातीला ते सगळे मला निव्वळ हास्यास्पद वाटले, हे येथे नोंदवतो. पण मग एका फेरीत ताडपत्री, चाक, डिझेलचा वास असे सर्व अपेक्षित येऊन गेल्यावर अचानक माझे वडील दिसले. अपघात विभागाच्या बाहेर, एका हातात माझा फुटलेला चष्मा घेऊन उभे असलेले. मी त्यांना तेव्हा पाहिले होते, पण ते मनात कोठे ठेवले होते याचा मला पत्ताच नव्हता. ताडपत्रीचा त्रास त्या दिवसानंतर उतरू लागला. का, ते सप्तपर्णी सांगू शकतील. मला एवढेच कळले की मी ज्याला घाबरत होतो आणि ज्याने मला दुखावले होते त्या दोन निराळ्या गोष्टी होत्या.

तीन गोष्टींची पूर्वकल्पना घरच्यांना द्यावी. सत्राच्या रात्री आणि पुढचे एकदोन दिवस स्वप्ने वाढू शकतात; ते उपचार बिघडल्याचे लक्षण नाही. सत्रानंतर माणूस थकतो, तेव्हा त्याला प्रश्न विचारू नयेत. आणि आठवण पुसली जात नाही. मला आजही सर्व आठवते, फक्त ते आता घडत नाही, घडून गेलेले असते.

खारफुटी (ऐरोली) :

सर्वांचे मनापासून आभार. निवळशंख, आपले लिखाण मी वहिनीला वाचून दाखवले. आता अडचण निराळी आहे. दादाला यातले काहीच माहीत नाही. शिवाय त्याला धास्ती अशी आहे की मनाच्या डॉक्टरकडे गेल्याचे खात्याला कळले तर गाडी हातातून काढून घेतील आणि मग स्थानकात कोठेतरी टेबलावर बसावे लागेल. ही धास्ती अनाठायी आहे, असे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे की थेट ईएमडीआर करणाऱ्यांकडे?

मोगरा२ (घणसोली) :

विषयांतराबद्दल क्षमस्व. माझ्या मुलीला हात धुण्याची ओसीडी, म्हणजे तोच विचार येऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याचा विकार आहे आणि तिच्यासाठीही ईएमडीआर सुचवण्यात आले आहे. आघात असा काही नाही. तरी करावे का?

जुना गार्ड (कल्याण) :

गार्ड म्हणून निवृत्त झालो. त्या पदाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. खारफुटी, तुमच्या भावाची धास्ती आमच्या लॉबीत (ड्युटीवर हजेरी लावतो त्या खोलीत) प्रत्येकाला होती, त्यामुळे तिला मी अनाठायी म्हणणार नाही. धावत्या गाडीवरच्या माणसांची वैद्यकीय तपासणी कडक असते आणि असायलाच हवी, कारण मागे हजारो माणसे बसलेली असतात. पण त्याच कारणाने मी उलटे म्हणेन. रात्र रात्र न झोपता, फलाट दिसला की घाम फुटत असताना गाडी चालवणे हा खरा धोका आहे, आणि एखाद्या दिवशी त्यातून सिग्नल चुकला तर तेव्हा कोणी ऐकून घेणार नाही.

बाहेरच्यांना कल्पना नसते म्हणून लिहितो. गाडीखाली माणूस आला की मोटरमन आणि गार्ड खाली उतरतात, देह रुळातून बाजूला घेतला जातो, पुढच्या स्टेशनात मेमो द्यायचा आणि गाडी पुढे न्यायची, कारण मागे गाड्या उभ्या असतात आणि डब्यातले लोक घड्याळ बघत असतात. माणसाला त्या क्षणी काही वाटायला सवडच नसते. ते नंतर वाटते, घरी. आमच्या काळी त्यावरचा उपाय एकच होता, आणि तो बाटलीत मिळायचा. तुमचा भाऊ त्या वाटेला गेलेला नाही, हे मी मोठे समजतो.

माझ्या मते बोलणी त्याच्या एखाद्या जुन्या, अनुभवी सहकाऱ्याकडून व्हावीत. ज्याच्याजवळ त्याने घामाचे सांगितले, तोच बहुधा योग्य माणूस. बहिणीने सांगितले तर काळजी वाटते, मोटरमनने मोटरमनला सांगितले तर सल्ला वाटतो.

शंकेखोर (ठाणे पूर्व) :

मोगरा२, ओसीडीवरचा मानसशास्त्रीय उपचार म्हणून ज्याच्या पाठीशी भक्कम पुरावा आहे तो म्हणजे ईआरपी: भीती वाटते त्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आणि हात धुण्याची कृती रोखायची. आधी तो करणारा उपचारक शोधा. एकच हातोडी घेऊन प्रत्येक खिळ्यामागे धावणारे उपचारक हल्ली वाढले आहेत.

सप्तपर्णी (नौपाडा, ठाणे) :

मोगरा२ यांना शंकेखोर यांनी दिलेले उत्तर योग्य आहे. नैराश्य, भयगंड, जुनाट वेदना अशा अनेक तक्रारींवर ईएमडीआरचे प्रयोग झाले आहेत आणि काही आशादायकही आहेत, पण पीटीएसडीसाठी आहे तसा पुरावा त्यांपैकी कशासाठीही नाही. याउलट एक गैरसमजही दूर करते. भ्रम-भासांचा आजार असलेल्यांना हा उपचार देऊच नये असे पूर्वी मानत असत. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५५ रुग्णांच्या अभ्यासात, अशा आजाराबरोबर पीटीएसडी असलेल्यांनाही तो सुरक्षित आणि उपयुक्त ठरला. म्हणजे मर्यादा आजाराच्या नावाने ठरत नाही, आघाताची आठवण त्रासाच्या मुळाशी आहे की नाही यावर ठरते.

खारफुटी, आता तुमच्या प्रश्नांकडे वळते. आधी मानसोपचारतज्ज्ञ, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही लिहिलेली लक्षणे पीटीएसडीशी जुळतात, पण निदान समोरासमोरच होते, आणि झोप, नैराश्य, दारू, थायरॉइड हे सर्व एकदा पाहून घ्यावे लागते. दुसरे कारण त्या गोळीचे. झोपेच्या गोळ्या बहुधा ज्या वर्गातल्या असतात, उदाहरणार्थ क्लोनाझेपाम, त्या पीटीएसडीसाठी उपचार म्हणून सुचवल्या जात नाहीत, आणि त्यांची गुंगी दुसऱ्या दिवशीही रेंगाळू शकते. औषध लागलेच तर सर्ट्रालीन किंवा पॅरॉक्सेटीन यांसारखी औषधे या विकारासाठी अभ्यासलेली आहेत. मात्र बंधू कोणते काम करतात हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगितले पाहिजे, आणि गोळी स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नये. तो ती घेत नाही, हेदेखील सांगावे.

ठिकाणांबद्दल. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटले की लोक अजूनही दचकतात. ते १९०१ पासूनचे आहे आणि नावाचा दरारा तितकाच जुना आहे, पण तेथे बाह्यरुग्ण विभाग चालतो आणि गोळ्यांपुरते किंवा सल्ल्यापुरते जाणारे लोक रांगेत तुमच्या-माझ्यासारखेच असतात. कळव्याचे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तर बंधूंच्या घरापासून जवळच आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था मराठी कुटुंबांना परिचित आहे. या ठिकाणी ईएमडीआर मिळते का, हे फोन करून विचारून घ्यावे. न मिळाल्यास आघातकेंद्री सीबीटी कोण करते, हा दुसरा प्रश्न त्याच फोनवर विचारावा. ती मिळाली तर ईएमडीआरसाठी अडून बसू नये. रात्रीअपरात्री फारच अस्वस्थ वाटले तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

खासगी उपचारक निवडताना दोन चौकशा वेगवेगळ्या कराव्यात. पहिली, मूळ शिक्षणाची. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि ती संकेतस्थळावर नावाने तपासता येते. दुसरी, ईएमडीआरच्या प्रशिक्षणाची. नुसते प्रमाणपत्र पाहून समाधान मानू नये, देखरेखीखाली सराव किती झाला ते विचारावे. तुलनेसाठी सांगते, अमेरिकेतील ईएमडीआरआयए या संस्थेच्या मूलभूत प्रशिक्षणात २० तास शिकवणी, २० तास देखरेखीखालचा सराव आणि १० तास सल्लामसलत अपेक्षित आहे. भारतातही या उपचाराची संघटना असून तिच्यामार्फत प्रशिक्षण होते. शनिवार-रविवारच्या एका कार्यशाळेवर दुकान थाटणारे पुष्कळ आहेत. अशांना एक प्रश्न विचारावा, ‘माझा भाऊ सत्राच्या मध्येच सुन्न झाला, कोठे आहे हेच त्याला कळेनासे झाले, तर तुम्ही काय कराल?’ उत्तर चाचरत आले तर तेथे पैसे भरू नयेत. ‘तीन सत्रांत मुक्ती’ असे लिहिणाऱ्यांकडे मी माझ्या घरचे माणूस पाठवणार नाही.

खात्याच्या भीतीबद्दल जुना गार्ड यांचे म्हणणे मला महत्त्वाचे वाटते. कायद्याने पाहिले तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. परंतु गाडी चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत मी लपवाछपवीचा सल्ला देणार नाही. बंधूंनी मानसोपचारतज्ज्ञांनाच मोकळेपणाने विचारावे की या अवस्थेत ड्युटी योग्य आहे का, आणि काही काळ रजा किंवा हलके काम लागले तर ते रेल्वेच्या वैद्यकीय विभागामार्फत, उपचारासाठी म्हणून, रीतसर मागावे. त्याच कायद्याने विमा कंपन्यांनाही मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावे लागतात. मात्र बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, त्यामुळे बैठकांचा खर्च पदरचाच धरून चालावे.

बंधूंना या विषयात आणताना ईएमडीआरचे नावही काढू नये. झोप लागत नाही, हे त्यांना स्वतःला मान्य असलेले दुखणे आहे. तेवढ्यावर पहिली भेट ठरवावी आणि आत त्यांनी एकट्यानेच जावे. उपचार कोणता, हे ते आणि उपचारक मिळून ठरवतील. पुढे ईएमडीआर ठरलेच, तर सत्र विश्रांतीच्या दिवशी घ्यावे, दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी असेल तर ते पुढे ढकलावे, आणि घरी परतताना सोबत कोणीतरी असावे. आपल्या बंधूंना रेल्वेने येणे जड जाईल, तेव्हा वाहनाची सोय आधीच करून ठेवावी.